राघूचं पाणी

आमच्या घरात सकाळचं पहिलं पाणी दगडाला मिळायचं. मग चहाचं आधण, मग माणसं. स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या फळीवर, साखर आणि चहापत्तीच्या बरण्यांशेजारी, जाड काचेची एक बरणी होती. तळाशी ओला कापूस, कापसावर दगड आणि वर घट्ट फिरकीचं झाकण. आई झाकण उघडायची, पाण्याला वास येत नाही ना हे बघायला बरणीत नाक घालायची, चमच्याने कापसावर थोडं पाणी सोडायची आणि झाकण लावायची. आतल्या खोलीतून बाबा विचारायचे, "राघूला पाणी घातलं?" आई म्हणायची, "घातलं." एवढं झालं की दिवस सुरू. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी एक दगड असतो आणि त्याची तहान भागवावी लागते.

राघू हे नाव खाणीतल्या माणसांनी ठेवलेलं. पुस्तकातलं नाव लांबलचक आहे, ते घेताना माझी जीभ अजून अडखळते. रंग पोपटी, पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले, आणि इतका मऊ की नखाने ओरखडा उठावा. त्यात युरेनियम असतं, म्हणजे दगड किरणोत्सारी. अंधार करून त्याच्यावर जांभळा दिवा धरला तर असा पेटतो की पहिल्यांदा बघणारा मागे सरकतो. पण त्याची खरी खुबी पाण्यात आहे. पापुद्र्यांच्या मधे पाण्याचे थर असतात आणि त्यांच्यावरच त्याची सगळी ठेवण उभी असते. कोरड्या हवेत ठेवला की ते पाणी उडतं, चमक मरते, पापुद्रे तडकतात. मग उरतं ते वेगळंच खनिज, वेगळ्या नावाचं. त्यावर नंतर अख्खी विहीर ओतली तरी त्याचा परत राघू होत नाही. वाळलेले राघू संग्रहालयांच्या खणांत पैशाला पासरी पडलेले असतात. ओला मात्र कुणाकडे नसतो, कारण तो सापडतोच एखाद्या ओल्या भेगेत आणि बाहेर काढल्या क्षणापासून मरायला लागतो.

आमच्या खाणीत तो एकाच जागी सापडला. सगळ्यात खालच्या थरात, ग्रॅनाइटच्या एका चिरेत, जिथे वरच्या जुन्या साठ्यातलं पाणी झिरपत झिरपत उतरायचं. सापडला तो बाबांना. बाबा खाणीत हवा मोजायचे. युरेनियमच्या खडकातून एक वायू सारखा निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. मोकळ्यावर तो विरून जातो, पण कोंडलेल्या जागेत साठतो आणि माणसाच्या छातीत जाऊन बसतो. कुठल्या बोगद्यात पंखा पुरतो, कुठे हवा कोंडली आहे, हे बघत फिरायचं हे बाबांचं काम. बंद असलेल्या बोगद्यात पंखा लावल्याशिवाय डोकं घालायचं नाही, हा त्यांचा कायदा. एका दांडगट गड्याने तो मोडला तेव्हा बाबांनी सगळ्यांदेखत त्याच्या मुस्काटात मारली होती. त्याच गड्याने पुढे त्यांचं नाव 'हवालदार' ठेवलं आणि ते त्यांना जन्मभर चिकटलं.

पुढे खाण बंद पडली. पंप थांबले तसं खालच्या थरांत पाणी भरलं आणि ती चीर बुडाली. आता तिथला ओला राघू बघायचा तर आमच्या फळीवरच. निदान आम्ही तसं समजत होतो.

आई गेल्या वर्षी गेली. छातीचा आजार. डॉक्टरांनी तिला विडी-सिगारेट ओढता का असं विचारलं, तर ती त्या आजारपणातही इतकी चिडली की त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. ती गेल्यावर दगडाचं पाणी माझ्याकडे आलं. मी दोन गल्ल्या सोडून राहते आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासते. सकाळी दुकानाआधी बाबांकडे जायचं, त्यांचं आवरायचं, चहा करायचा, राघूला पाणी घालायचं. बाबांना आता उजेड-अंधाराखेरीज फारसं दिसत नाही आणि श्वास पुरत नाही. पण कान तिखट. मी फळीकडे हात नेला की आतून हुकूम यायचा, "आधी खिडकी उघड. मग झाकण. आणि नाक घालू नकोस बरणीत." मी खिडकी उघडायची. म्हाताऱ्या माणसाची हवेची हौस, जन्मभराची खोड, असं म्हणून सोडून द्यायची.

माझ्या मनात एकच होतं. बाबांच्या नावावर या जगात काहीतरी राहावं. खाण बुडाली, तिथले लोक पांगले, दादा परदेशात गेला तो तिकडचाच झाला. उरला हा एक दगड. तो संग्रहालयात काचेमागे जावा आणि खाली लिहिलेलं असावं की हा यांना सापडला, यांच्या घरी जगला. तेही बाबा असतानाच. मी हा विषय काढला की ते तोंड फिरवायचे. "राहू दे गं. झाकली मूठ सव्वा लाखाची." मला वाटायचं हा विनय आहे, नाहीतर जीव अडकलाय दगडात. समजावून बघितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांना न सांगता मीच संग्रहालयाला फोन केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संग्रहालयातल्या बाई आल्या त्या दिवशी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, बाबांना तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन गेली होती. दिवस मीच साधला होता. बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, चष्म्याची दांडी सैल झालेली. ती मी आधी आवळून दिली, मला बघवत नाही. त्यांनी पिशवीतून एक यंत्र काढून फळीपाशी धरलं. ते आधी सावकाश आणि मग ताशा वाजावा तसं कडकडायला लागलं. बाईंनी मला बरणी मागच्या अंगणात आणायला लावली. वारा कुठून येतो ते बघून त्या वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, हात लांब ठेवून झाकण उघडलं, आणि बराच वेळ बरणीकडे बघितलंच नाही, नुसत्या उभ्या राहिल्या.

"ही रोज कोण उघडतं?" त्यांनी विचारलं.

आता मी, आधी आई, असं मी सांगितलं. कौतुकाने सांगितलं, याची मला आज लाज वाटते. आई वास घ्यायची तेही सांगितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग भिंग लावून दगड उलटापालटा करून बघितला, एका कोपऱ्यातली चिमूटभर भुकटी कागदात बांधली आणि यंत्रावर तपासून कळवते म्हणाल्या. जाताना म्हणाल्या, तोवर बरणी उघडू नका. मला वाटलं, मौल्यवान आहे म्हणून. मी बाबांना खोटंच "घातलं" म्हणत राहिले. एवढ्याशा गोष्टीत काय खोटं नि काय खरं, असं तेव्हा वाटलं.

फोन आला तेव्हा मी दुकानात होते. बाई हळू बोलत होत्या. त्यांनी आधी दगडाचं सांगितलं. हा ओला राघू नाही. वाळलेला आहे, आणि अलीकडे वाळलेला नाही. त्याच्या भेगांमध्ये नळाच्या पाण्याचा क्षार साचलाय, थरावर थर. म्हणजे दगड आधी वाळून तडकला आणि मग त्या तडकलेल्या दगडावर कुणीतरी वर्षानुवर्षं पाणी घालत राहिलं. खणात ठेवायला आम्ही घेऊ, म्हणाल्या, पण असे आमच्याकडे पुष्कळ आहेत. चिठ्ठीवर खाणीचं नाव येईल. माणसाचं नाव आम्ही घालत नाही.

अंगणात वाऱ्याकडे पाठ करून झाकण उघडणाऱ्या बाई मला तेव्हा आठवल्या. मी विचारलं, आणि आई?

त्या म्हणाल्या की कुणीच शपथेवर सांगू शकणार नाही. दगड छोटा आहे. खाणीतून आलेले धुळीचे कपडेही त्याच धुवत असतील. पण रात्रभर बंद बरणीत तो वायू साठतो आणि सकाळी झाकण उघडलं की पहिला श्वास त्याचा. तुमच्या घरात खाणीची माहिती असलेलं कुणी नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नव्हतं. दुसरं काय सांगणार? हवालदाराच्या घरात हवा कुणी मोजली नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? दिव्याखाली अंधार म्हणायला सोपं असतं, पण त्या अंधारात आपली आई उभी असली की म्हण आठवून काही होत नाही.

दुकानातून मी तडक मावशीकडे गेले. आईने राघू कधी वाळू दिला असेल, हे मला कळत नव्हतं. ती तापाने फणफणलेली असताना उठून पाणी घालणारी बाई. मावशी भाजी निवडत होती. मी विचारलं तसा तिचा हात थांबला. एका उन्हाळ्यात, तिने सांगितलं, मी नुकती चालायला लागलेली असताना मला मेंदूचा ताप आला होता. बाबा दुसऱ्या एका खाणीत पंखे बसवायला गेले होते, लांब, निरोपही धड पोचायचा नाही. आई मला घेऊन दवाखान्यात राहिली ती उन्हाळा संपेपर्यंत. घरी एकदाही आली नाही. घराला कुलूप, पत्रे तापलेले. निघायच्या गडबडीत बरणी उघडीच राहिली होती. मी वाचले. आम्ही परत आलो तेव्हा आई मला मावशीच्या कडेवर देऊन स्वयंपाकघरात गेली आणि बरणी छातीशी धरून ढसाढसा रडली.

"मला वाटलं, तू वाचलीस म्हणून रडतेय," मावशी म्हणाली. "तेव्हा काय बोलली ते मला नंतरही कळलं नाही. म्हणाली, त्यांना सांगू नकोस. मी म्हटलं, काय सांगू नको? तर बोललीच नाही."

म्हणजे माझ्यामुळे वाळला. मी जगले आणि दगड मेला, आणि आईने ते पोटात ठेवून त्या मेलेल्या दगडाला जन्मभर पाणी घातलं. बाबांना कळू नये म्हणून. रोज सकाळी नाक आत घालून. रस्त्याने येताना मला रडू आवरेना आणि मी ते आवरलंही नाही, लोक बघत होते तर बघू देत.

बाबांच्या दारापर्यंत येता येता मी ठरवलं होतं की त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही. त्यांचा एकुलता एक अभिमान होता तो दगड. आणि आईने एवढी वर्षं जे झाकलं ते मी एका वाक्यात उघडं करणार नव्हते. आईचं काम आता माझ्याकडे आलं होतं, पाणी घालायचं आणि गप्प राहायचंही.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे जे घडलं नव्हतं ते सगळं. तुम्हाला न विचारता संग्रहालयाला बोलावलं, रागावू नका. त्यांनी राघू बघितला आणि हरखून गेले. वेगळं कपाट करणार आहेत, वर दिवा, खाली तुमचं नाव ठळक अक्षरात. मी बोलत गेले आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"कोणता राघू म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"कोणता म्हणजे?"

"ओला की वाळलेला?"

मी म्हटलं, "ओला."

बाबा थोडा वेळ मान हलवत राहिले. "तुझी आईही अशीच खोटं बोलायची," ते म्हणाले. "आधी एक श्वास घ्यायची, मग बोलायची."

मी खाली बसले. मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत, दम खात. त्या उन्हाळ्यानंतर ते घरी आले आणि पहिल्या तासातच त्यांची नजर बरणीवर गेली. रंग उतरलेला, चमक गेलेली. खाणीत हयात काढलेल्या माणसाला वाळलेला राघू कळत नाही होय? संताप आला होता. आईला फाडून खायला ते स्वयंपाकघरात गेले, तर ती चमच्याने बरणीत पाणी घालत होती, आणि खाली चटईवर मी पडलेली होते, केस गळून गेलेली, काडीएवढी. त्यांनी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, घातलं. आणि ते परत फिरले.

"पोर वाचली होती. त्या वेळी दगडाचं काय बोलायचं?"

"त्या वेळी नाही," मी म्हटलं. "पण नंतर?"

"नंतर रोज राहून गेलं. तिला वाटायचं मला माहीत नाही. ते मोडवेना माझ्याच्याने."

मला आधी भरून आलं. दोघं एका घरात, एका मेलेल्या दगडाच्या दोन बाजूंना, एकमेकांना जपत जन्मभर गप्प बसले. आणि मग ते भरून आलेलं सगळं उतरलं, कारण मला खिडकी आठवली. आधी खिडकी उघड, मग झाकण. नाक घालू नकोस. आईला त्यांनी असं कधीच सांगितलं नव्हतं. एकदाही नाही. हे सगळे हुकूम मला होते, आणि आई गेल्यानंतरचे.

"बाबा, खिडकी का उघडायला लावता मला?"

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

"खाणीत तुम्ही माणसाच्या मुस्काटात मारलीत. आणि घरात?"

"घरात कोण मोजतं गं हवा," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मला पुढे वाकावं लागलं. "डॉक्टरांनी तिच्या छातीचं नाव काढलं, त्या दिवशी बरणी डोळ्यांपुढे आली. त्याच्या आधी कधी नाही. आईशप्पथ, त्याच्या आधी कधी नाही."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. पण राग कमी झाला नाही, उलट त्याला आता धार आली. एक वाक्य. दगड मेलाय, टाकून दे. एवढं एक वाक्य त्या उन्हाळ्यात बोलले असते तर ती चार दिवस रडली असती आणि बरणीत लोणचं भरून मोकळी झाली असती. कदाचित तरीही गेली असती. कदाचित आज इथे बसून मलाच खोटं बोलल्याबद्दल रागावत असती. हे आता कुणीच सांगू शकणार नाही, आणि हे न कळणंच मला जन्मभर पुरणार आहे. मी हे सगळं त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, हात जोडले नाहीत की बचावही केला नाही.

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. "आणि सगळं कळल्यावर मला कसं लावलंत पाणी घालायला? मी कोण तुमची?"

बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं.

"हल्ली तू उघडत नाहीस, ऐकतो मी. पण झाकण फिरवलंस की ते कर्रकन वाजतं," ते म्हणाले. "तेवढ्यापुरतं वाटतं, ती आहे."

मी उठले आणि त्यांच्याशी एक शब्द न बोलता घरी गेले. दुसऱ्या दिवशी बाईंनी जाड डबा घेऊन माणूस पाठवला. त्याने बरणी कापसासकट नेली. फळीवर तिच्या बुडाचा गोल डाग राहिला, तो मी घासून काढला, पण साफ गेला नाही. बाबा आतून ऐकत होते. काय नेलं, असं त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतरच्या सकाळी मी गेले ती मुद्दाम उशिरा. मावशीला पाठवावं असं मनात होतं, पण तिचे गुडघे धरलेले. चहाचं आधण ठेवलं. बोलायचं नाही असं ठरवलंच होतं. आत बाबा जागे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता, आतला भाता फाटल्यासारखा. आधणाला उकळी आली, मी गॅस बारीक केला, आणि आतून सवयीने शब्द आले. सवयीनेच असावेत. कारण ते अर्ध्यातच थांबले.

"राघूला पाणी..."

मी कप घेऊन उभी राहिले. मनात आलं, सांगावं सरळ, नाही राघू, नाही पाणी, आणि जिने घालायचं तीही नाही, आणि का नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. शब्द ओठावर होते. मी त्यांना माफ केलं नव्हतं. अजूनही केलेलं नाही, आणि करीन असं वाटतही नाही.

मी खिडकी उघडली. फळीवरची साखरेची बरणी काढली, तिचं झाकण फिरवून उघडलं, थोडी थांबले आणि परत घट्ट फिरवून लावलं. कर्रकन आवाज झाला.

मग मी एक श्वास घेतला आणि म्हटलं, "घातलं."